वरच्या फाइलमधली यादी

दादा वारला त्या दिवशी मी नांदेडला कॉलेजात संगणकाचं प्रात्यक्षिक घेत होते. फोन वहिनीचा होता.

महिन्याभरानं लातूरच्या डाळमिलच्या मालकांनी फोन केला. आम्ही त्यांना काका म्हणतो. पोती भरणाऱ्या त्यांच्या यंत्रासाठी दादानं कर्नल मोड्यूल लिहून दिलं होतं, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या प्रोग्रामला जोडायचा तुकडा. आता संगणक नवा आला होता आणि त्यावर जुनं मोड्यूल चढेना.

"ताई, जमतंय का बघ. न्हाई तर यंत्रच बदलावं लागंल. त्याच्या हातचं हाय म्हणून थांबलोय."

दादाचं चालतं असं तेवढंच उरलं होतं. मी बसले.

एका लांबलचक फाइलचे तुकडे करून त्यानं तीन फोल्डरांत ठेवले होते : वजन, पट्टा, झडप. ते जोडायचं राहून गेलं होतं. मी विद्यार्थ्यांना शिकवते तशी प्रत्येक फोल्डरला वेगळी मेकफाइल दिली, म्हणजे कोणत्या फाइली जोडून मोड्यूल बनवायचं ते संगणकाला सांगणारी फाइल. एकाऐवजी तीन मोड्यूल झाली आणि एकाला दुसऱ्याची ओळख नाही. आठवडाभर हीच चूक मी निरनिराळ्या रीतीनं केली.

रविवारी लॅपटॉप घेऊन लातूरला वहिनीकडे गेले. वहिनीनं शेंगा सोलत सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या चुलत्यांसारखंच की," ती म्हणाली.

माझ्या लग्नात मुरुडच्या, चाकूरच्या आणि नांदेडच्या चुलत्यांना आपापली वेगळी पत्रिका छापायची होती. दादा ऐकेना. "चुली तीन असू द्या, पत्रिका एकच. ज्याचं नाव राहील त्यानं खुशाल रुसावं." मग त्यानं प्रत्येक नावाआधी गाव लिहून एकच यादी केली होती.

मी तिन्ही मेकफाइली पुसल्या. ते तिन्ही ज्यात होते त्या वरच्या फोल्डरात एकच ठेवली. तिच्यात मोड्यूलचं नाव, आणि त्याखाली सगळ्या फाइली, प्रत्येकीच्या आधी तिचा फोल्डर. मोड्यूल एकच झालं, पण झडपेच्या फोल्डरातलं काहीतरी सापडत नाही अशी संगणकाची तक्रार आली. तिथली एक फाइल मी यादीत लिहिलीच नव्हती.

"रुसली बघा," वहिनी म्हणाली. दादा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली.

मी ते नाव घातलं. सोमवारी काकांकडे यंत्रानं पोती भरली.

यादीत दादाच्या नऊ फाइली आहेत. माझी एकही नाही. यादी माझ्या हातची आहे.