धाकटीचा डेन्मार्कचा जावई

ये बाई, जरा जवळ ये. फोनच्या जवळ म्हणते मी. तू फोन ओट्यावर ठेवतेस आणि भाजी चिरायला जातेस, मला तुझ्या घराचं छत आणि पंखा दिसत राहतो, आणि मी त्या पंख्याशी बोलत बसते. "ऐकतेय गं आई, बोल," असं म्हणतेस, पण ऐकत नसतेस. म्हणून हे लिहून काढलं. शाळेत मी फार गेले नाही, तू अक्षरं गिरवायला लागलीस तेव्हा तुझ्याच पाटीवर मीही गिरवली. चुका निघतील. त्या काढायला म्हणून तरी नीट वाच, आणि वाचून झालं की जावईबापूंच्या हातात दे. अधिक महिना अर्ध्यावर आला. तुम्ही दोघं धोंडे खायला येताय की नाही, एवढंच मला कळायला हवंय. बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूचं आहे.

खरं सांगायचं तर मी जळते आहे. वय झालं की माणूस शांत होतो म्हणतात, ते खोटं. वय झालं की जळायला वेळ जास्त मिळतो.

तुझी काकू माझी धाकटी जाऊ, माझ्या हाताखाली पुरण शिजवायला शिकली. दोन्ही घरांचं अंगण एकच, तिच्या ओसरीवर कोणी शिंकलं तरी मला इथं कळतं. तिची लेक डेन्मार्कला नोकरीला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली, तेव्हा काकू कितीतरी महिने पदरात तोंड घालून हिंडत होती. "काय सांगू बाई, नाव घ्यायला जीभ वळत न्हाई त्याचं," म्हणायची. तेव्हा धीर कोणी दिला तिला? मीच. आता तोच जावई अधिकासाठी रजा काढून, समुद्र ओलांडून तिच्या ओसरीवर बसलाय, आणि आमचे जावई पुण्याहून येत नाहीत. डेन्मार्क कुठं आणि पुणं कुठं, हे काकू मला रोज निराळ्या शब्दांत ऐकवते. परवा लसूण सोलता सोलता म्हणाली, "रजेचं काय बाई, काढली की निघती." मी लसणाकडंच बघत राहिले.

तो आला त्या दिवशी सगळी आळी गोळा झाली होती. माणूस इतका उंच की दारातून आत येताना वाकला, तर काकूला वाटलं पाया पडतोय. तिनं घाईघाईनं डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि तो बिचारा तसाच वाकून उभा राहिला. वर्षभर काकू सांगत होती, जावई प्रोफेसर आहे म्हणून. निघाला शाळेतला मास्तर, पोरांना विज्ञान शिकवणारा. मला आतून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतच टिकलं. कारण त्या मास्तराला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि आपल्या गावाला बाहेरच्या माणसाचं मत ऐकायची भारी हौस.

ऊन कललं की काकू खुर्च्या मांडायची. तुझी चुलतबहीण शेजारी बसून त्याचं बोलणं मराठीत सांगायची. सोसायटीचे सेक्रेटरी यायचे, पिठाच्या गिरणीवाले यायचे, बांगड्यावाल्या भाभी नातवंडं घेऊन यायच्या. आणि सगळ्यांत पुढं कोण, तर तुझे आप्पा. टीव्हीवर बातम्या लागल्या की टीव्हीलाच उत्तरं देणारा माणूस, आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तो हाताची घडी घालून ऐकत बसायचा. मी आपल्या ओसरीवर बसून गहू निवडायची. गहू कधीच निवडून झाले होते. तरी निवडायची.

एक दिवस विषय निघाला मोबाईलचा. आपल्याकडं भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते, याचं त्याला कौतुक वाटलं. पण त्यांच्या शाळेत म्हणे सकाळी आल्याबरोबर सगळ्या पोरांचे फोन एका टोपलीत जमा करतात. आधी आम्ही प्रत्येक वर्गात कॉम्प्युटर आणले, आता पुन्हा पुस्तकं आणतोय, असं म्हणाला. यंत्र चांगलंच असतं, पण ते आपल्याला वापरायला लागलं की थांबायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरींनी मान डोलावली ती फोनमधून डोकं वर न काढता.

दुसऱ्या दिवशी अमेरिका. गिरणीवाल्यांचा भाचा तिकडं आहे, त्यांनीच विचारलं, तिथल्या राजकारणाचं तुमचं काय मत? तो म्हणाला, अमेरिकेत दोन पक्ष आता दोन घरं झाली आहेत, एकमेकांच्या दारातलं पाणीसुद्धा पीत नाहीत. निवडणूक त्यांची असते, मत आम्हाला नसतं, पण तिथं काय होणार म्हणून आमच्याकडं लोक रात्रभर जागतात, कारण झळ आम्हालाही लागते. मग आप्पा म्हणाले, "म्हंजी कारखान्याची निवडणूकच की. दोन पॅनल, निम्मं घर हिकडं, निम्मं तिकडं. चेअरमन कोन व्हतो त्याच्यावर ऊस कवा तुटायचा ते ठरतं." तुझ्या बहिणीनं ते त्याला समजावून सांगितलं, आणि तो इतका खूश झाला की उठून त्यानं आप्पांशी हात मिळवला. तेव्हापासून आप्पांची छाती उतरलेली नाही. घरी येऊन मला म्हणाले, त्याला बुद्धी आहे. मी म्हटलं, तुमच्याशी हात मिळवला म्हणून का?

पण माझं खरं दुखणं निराळंच होतं. तुझ्या भावाचं पोर, आपला नातू, दिवसभर तिकडंच. त्याला आता आठवं सरलं, तुला माहीतच आहे. सुट्टीतही सकाळी सहाला क्लास, दुपारी दुसरा क्लास, मधे जेवायला बसला की समोर मोबाईल. ते पोर दुपारचा क्लास बुडवून काकूच्या ओसरीवर जाऊन बसायला लागलं. त्या मास्तरानं पोरांना अधिक महिना शिकवला, ऐक. आधी तुझ्या बहिणीला विचारून घेतलं, की हा जास्तीचा महिना येतो कुठून. तिनं सांगितलं, चंद्राचं वर्ष आखूड पडतं आणि सूर्याचं लांब असतं, तो फरक साठत साठत जातो, मग जवळपास तीन वर्षांनी एक महिना वाढवून दोघांचं जमवून घेतात. तर त्यानं अंगणात पातेलं पालथं घातलं, तो सूर्य. एका पोराच्या हातात आंबा दिला, ती पृथ्वी, आणि आपल्या नातवाला लिंबू दिलं, तो चंद्र. आंब्यानं पातेल्याभोवती फिरायचं आणि लिंबानं आंब्याभोवती. पोरं घामाघूम झाली, पडली, हसली. विज्ञान पाठ करायचं नसतं, असं करून बघायचं असतं, म्हणाला. मी पन्नास वर्षं अधिक पाळला, उपास केले, दिवे लावले, पण मला हे कुणी लिंबू घेऊन सांगितलं नव्हतं. रात्री नातू मला म्हणाला, आजी, आपल्याकडं असा पाहुणा का येत नाही?

त्याच रागात मी सकाळी काकूला जाऊन म्हटलं, "धाकटीचा जावई तो माझाबी जावई. उद्या धोंडे माझ्याकडं."

"तुमाला कशाला तरास बाई," ती म्हणाली. "तुमचं जावई आलं म्हंजी करालच की."

ते 'आलं म्हंजी' तिनं असं काही लांबवलं, की मी घरी येऊन दुप्पट डाळ भिजत घातली. तिच्यापेक्षा मोठे धोंडे केले, तूप तिच्यापेक्षा जास्त, तेहतीस अनारसे जाळी पडलेले, एकही तुपात फुटला नाही. एवढं सगळं कोणासाठी, तर दुसरीच्या जावयासाठी. तुपाचं भांडं हातात घेऊन मला रडूच येणार होतं.

तो पाटावर बसला, गुडघे पार कानाजवळ. बाजूला आप्पा, त्यांच्या शेजारी नातू, आणि नातवासमोर नेहमीप्रमाणे मोबाईल. पाहुण्यानं पोराला विचारलं, तू खेळतोस केव्हा? पोरानं आईकडं, तुझ्या वहिनीकडं पाहिलं. तिनं क्लासच्या वेळा सांगितल्या. मग तो आप्पांकडं वळून सावकाश बोलला, आणि तुझी बहीण सांगत गेली. या वयात खेळणं हाच पोराचा अभ्यास असतो. क्लास नंतर पुष्कळ होतील. आणि घास तोंडात असताना पडदा बघू देऊ नका, पोराला चव कळत नाही आणि माणूसही कळत नाही.

आप्पांनी मांडीवर हात मारला. "लाख बोलला. सूनबाई, दुपारचा क्लास आजपासनं बंद. आनि त्यो मोबाईल उचला."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. तू स्वयंपाकघरात होतीस मागच्या अधिकाला, तुला शब्द न् शब्द ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. ह्याच पाटावर आमचे जावई बसले होते. नातू तेव्हा पाच वर्षांचा, मोबाईल बघत जेवत होता, आणि जावईबापू हळूच म्हणाले होते, एवढ्या लहान पोराला क्लास लावू नका, खेळू द्या, जेवताना फोन नका देऊ. आप्पा काय म्हणाले? "जेवायला आलात, जेवा. आमाला शिकवायचं काम न्हाई." त्यांनी जेवण संपवलं, हात धुतले, आणि अनारसे न घेताच गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून ते तुला फाटकापाशी सोडतात आणि तिथूनच माघारी फिरतात. रजा मिळत नाही, असं तू म्हणतेस. मी कधी खोदून विचारलं नाही.

पण परवा धोंड्याच्या दिवशी मी बोलले. "हेच आपल्या जावयांनी सांगितलं हुतं," मी म्हटलं. "ह्याच पाटावर बसून. ते पुण्याचे म्हनून त्यांचं शिकवणं, आनि हा डेन्मार्कचा म्हनून ह्याचं मत?"

तुझी बहीण त्याला आमचं बोलणं सांगायची थांबली. पाहुणा तिच्या तोंडाकडं बघायला लागला. मी म्हटलं, सांग त्याला, सगळं सांग. तिनं सांगितलं. त्यानं आप्पांनाच विचारलं, "ते कुठे आहेत? मला भेटायचंय त्यांना."

"पुन्याला हायेत," आप्पा म्हणाले. एवढंच. पुढचा धोंडा त्यांनी तुपाशिवाय खाल्ला.

जेवण झाल्यावर पाहुणा स्वतःचं ताट उचलून मोरीत घासायला बसला. आमच्याकडं जावई भांडी घासतात, म्हणाला. नेमकी काकू दारात आली. आता साऱ्या आळीत झालंय, की थोरलीनं धाकटीच्या जावयाला धोंड्याच्या दिवशी भांडी घासायला लावली. होऊ दे. तिच्याकडं इतके दिवस जे होतं ते मला एकदा मिळालं, त्याची थोडी किंमत द्यावीच लागणार.

दुसऱ्या दिवशी आप्पा काही न सांगता श्रीरामपूरला गेले. परत आले तेव्हा पिशवीत शर्टपँटचं कापड होतं, टॉवेल, टोपी, सगळं दोन-दोन. एक डेन्मार्कच्या पाहुण्याला, ते उघड होतं. दुसरं कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग दुपारभर मोबाईल हातात घेऊन बसले. जावईबापूंच्या फोनवर काल एक मिस कॉल आला असेल, तो चुकून लागलेला नाही. त्यांना सांग. अख्खी माफी मागायला त्या माणसाला अजून दोन अधिक महिने लागतील, तेवढा धीर आपल्याकडं कुठला.

पाहुणा येत्या आठवड्यात निघणार. मला दोघंही जावई एका पंगतीला बसलेले बघायचेत, आणि हो, काकूनंही ते बघितलं पाहिजे. हे लपवून तुला काय सांगू. आमच्या जावयांचं मत आधीचं आहे, हे त्या मास्तरालाही कळू दे. बोलू देत दोघांना काय बोलायचं ते, पोरांवर, मोबाईलवर, अमेरिकेवर. खुर्च्या या वेळी आपल्या ओसरीवर मांडते. रजा असो नसो, तो जायच्या आत या. शनिवारीच निघा.