अण्णांचं बीपी मी मोजलं

अण्णांचं बीपी मोजायचं काम घरात माझ्याकडे होतं. ‘होतं’ म्हणते, कारण आता ते माझ्याकडून काढून घेण्यात आलं आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. अर्धा जन्म मिठागरात गेलेला माणूस. आता करंजाड्याला आमच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि माझ्या देखरेखीखाली अळणी जेवतात. मी सुनंदा, प्राथमिक शिक्षिका. (दुसरीचा वर्ग. आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जातो.) आई बीपीनेच गेली. तिचं कोणी वेळेवर मोजलंच नाही, हे मला अजून खातं. म्हणून अण्णांचं मी दिवसातून दोनदा मोजायचे आणि वहीत लिहायचे. आकडा रोज एकशे सत्तरच्या वर! डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर दुसरी गोळी सुरू करू. अण्णांना पहिल्याच गोळीने गरगरायचं. दुसरीचं नाव काढलं की चेहरा उतरायचा.

“मंग तू मला एकल्याला खाली पन सोरनार नाय,” ते म्हणायचे. खरंच सोडलं नसतं.

“गोळी वाढवण्याआधी एकदा आमच्या बीपीच्या वर्गाला या,” डॉक्टर म्हणाले. शनिवारी पनवेलला दवाखान्याच्या हॉलमध्ये वीसेक पेशंट, त्यांची माणसं आणि शिकवायला एक सिस्टर. मी वही, पेन, मशीन घेऊन पहिल्या रांगेत!

“घरी कोण कोण मोजतं?” सिस्टरनी विचारलं. माझा हात सगळ्यांत आधी वर.

“या, करून दाखवा. अगदी घरी करता तसंच.”

मी अण्णांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, बटण दाबलं आणि अगदी घरच्यासारखीच सुरू झाले.

“हात सैल सोडा! सैल म्हटलं ना! काल डब्यातला पापड कोणी खाल्ला?”

“मी नाय.”

“मग काय उडून गेला? आणि शेजारच्या काकूंकडे सुकटीची चटणी?”

“बोटभर चाखली गं...”

“बोटभर! ऐकताय ना सिस्टर?”

एकशे चौऱ्याहत्तर! मी विजयी मुद्रेने वर्गाकडे पाहिलं. वर्ग अण्णांकडे बघत होता, फार मायेने.

“ताई,” सिस्टर हळूच म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर थांबता?”

पाच मिनिटं मी जिन्यापाशी उभी. आतून चकार शब्द नाही. मग हाक आली. एकशे बत्तीस!

“आधी पाच मिनिटं शांत बसू द्यायचं, आणि मोजताना बोलायचं नाही,” म्हणत सिस्टरनी माझ्या पंधरा दिवसांच्या वहीवर तिरकी रेघ मारली. “आठवडाभर नीट मोजून आणा, मग गोळीचं डॉक्टर ठरवतील. घरी दुसरं कोणी आहे मोजायला?”

“जावई हाय,” अण्णा म्हणाले. “त्याला बी बोलाला भेटत नाय.”

सगळा हॉल हसला. मला हसू आलं आणि रडूही. काळजीच्या नावाखाली मी त्यांना नको ती गोळी द्यायला निघाले होते!

निघताना एक छापील कागद मिळाला. ‘काय टाळावे’ या मथळ्याखाली मीठ, पापड, लोणचं, सुकी मासळी. रिक्षात अण्णांनी माझं पेन मागून घेतलं आणि सुक्या मासळीखाली सावकाश लिहिलं, ‘सुनंदा’.

कागदाच्या तळाशी नातेवाइकाची सही लागते. मी मुकाट्याने केली.