गार कपाळ

आमच्या म्हशीचं रेडकू चार दिवसांचं होऊन मेलं. आईने त्याच्या कातड्यात पेंढा भरून घेतला आणि ते म्हशीपुढे उभं केलं. कवठे महांकाळच्या आमच्या कोरड्या भागात हे नवीन नाही. म्हशीने ते हुंगलं, चाटलं आणि पान्हा सोडला. मी पुण्याच्या प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करते, सुट्टीला आले होते. मला ते बघवेना.

धार काढता काढता आई अचानक म्हणाली, "तुज्या बाचं अंग मी रोज हात लावून बघत हुते. गार लागायचं."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट. वडील फौजेतून निवृत्त झालेले, आजारपण मान्यच नसायचं. त्यांना धाप लागत होती. सांगलीला न्यायला शेजाऱ्याने जीप दारात आणली, तर आईने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ताप न्हाई, मग दवाखाना कशाला, म्हणून जीप परत पाठवली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

"येवढा गडी. त्याच्या अंगाला कळलं कसं न्हाई गं?"

याचं उत्तर मी सभागृहं भरून लोकांना समजावलं आहे, आईला कधीच नाही. आता सांगितलं. पेशीने काय बनवायचं हे सांगत फिरणारा निरोप आपला की परका, हे शरीर त्याच्या टोकावरच्या खुणेवरून ओळखतं. हा विषाणू तीच खूण स्वतःच्या निरोपावर चढवतो. शरीराला तो आपलाच वाटतो. मग आरडाओरडा उशिरा होतो, कधी कधी ताप येतच नाही, आणि तोवर आत त्याची पिलावळ वाढलेली असते.

आईने म्हशीकडे पाहिलं. "ह्या कातड्यावानी?"

"तसंच."

"म्हंजी म्हस येडी न्हाई."

"नाही गं."

"आन मी?"

"तूही नाही." तिने पदर डोळ्यांना लावला. किती तरी दिवसांनी ती मोकळी रडली आणि मला फार बरं वाटलं.

पण फसली ती. मी नव्हते फसले. गार कपाळावर विश्वास ठेवायचा नसतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी फोनवर मी रोज एवढंच विचारायचे, ताप आहे का? नाही म्हटलं की कामाला लागायचे. त्या सकाळी जीप दारात असताना आईने मला फोन केला होता. परत पाठव, असं मीच म्हणाले होते. हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.