सुतकातली चूल

माझ्या चुलत्याला मी अजून माफ केलेलं नाही. तो जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी म्हणावं, मी बोलणार.

तेरणेवर धरण व्हायचं ठरलं आणि आमचं गाव बुडणार हे पक्कं झालं. दुष्काळात माझ्या मायनं त्याच धरणाच्या कामावर खडी फोडलेली. आपलंच घर बुडवायला आपणच खडी फोडली, असं ती नंतर म्हणायची, आणि म्हणताना हसायची नाही. गावाला वर माळावर नवी जागा मिळणार होती. सरकारचा हिशेब सोपा होता. जितक्या चुली तितकी कुटुंबं, आणि दर कुटुंबाला घरापुरती जागा. एका चुलीवर माणसं जास्त असली तर जागा मोठी.

बाप वारला त्याच साली माय चुलत्यापासून वेगळी निघाली होती. वेगळी म्हणजे काय, तर त्याच घराच्या पडवीत तीन दगड मांडून आमच्यापुरतं शिजवायला लागली. माळावर जागा मिळाली असती तर तिला पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं असतं. पण गावाची यादी बाप जिवंत असताना झालेली, तिच्यात आम्ही सगळे चुलत्याच्या नावाखाली. ती दुरुस्त करून घ्यायची तर लवकर, कारण जुन्या रजिस्टरावरून जिल्ह्याला नवं रजिस्टर उतरून काढायचं होतं. पुनर्वसनाच्या कारकुनानं शाळेच्या ओट्यावर बसून सगळ्यांना बजावलं, "आठवडाभर मी इथं आहे. काय बदल असेल तो आत्ता सांगा. एकदा दप्तर मोहोरबंद झालं, की नवं येईपर्यंत कलेक्टर आले तरी अक्षर बदलायचं नाही."

नियम खोटा नव्हता. तिकडं एक पान उतरून झालं आणि इकडं कुणी त्याच पानावर खाडाखोड केली, तर दोन्ही रजिस्टरांचा मेळ बसायचा नाही. हे माझ्यासारख्या दहावी नापासालाही कळत होतं. कळलं म्हणून राग कमी होत नाही.

कारकून घरोघर चुली बघत फिरायला लागला. मग काय विचारता. ज्यांचं कालवण जन्मभर एका पातेल्यात शिजलं त्यांनी अंगणात नव्या चुली घातल्या, वर आधण ठेवलं, आणि सुना एकमेकींकडं बघून हसत फुंकत बसल्या. सरपंचाच्या घरात तर दर पोराची चूल वेगळी पेटली. कारकुनानं धूर बघितला आणि लिहून घेतलं.

आमच्याकडं तो यायच्या आदल्या दिवशी आजी वारली. आम्ही माझ्या जन्माच्या आधीपासून बौद्ध. सुतकबितक पाळायचं नाही असं वस्तीनं सभेत ठरवलेलं, आणि त्या ठरावाला पहिला हात चुलत्यानं वर केलेला. पण म्हातारीची माती झाल्यावर हाच म्हणाला, "तिला जुनंच पटायचं. तिच्यासाठी तेवढं पाळू. घरात कुणी चूल पेटवायची न्हाय." माय सासूला लई मानायची. तिनं मुकाट्यानं राख काढली, दगड धुऊन ठेवले. भाकरी भावकीतून आल्या.

कारकून आला, पडवीत वाकून बघितलं. "चूल कुठंय, बाई?"

"हीच की. सुतक हाय साहेब, म्हणून पेटवली न्हाय."

"तुम्ही लोक पण सुतक पाळता होय?" तो म्हणाला आणि हसला. मग चुलत्याकडं वळला. "ह्या वेगळ्या राहतात का?"

चुलत्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. सख्ख्या भावाच्या बायकोसाठी एक शब्द. मी म्हणालो, "व्हय साहेब, आमचं वेगळंच हाय." तर कारकून म्हणतो, घरातल्या मोठ्या माणसाला बोलू दे. मोठा माणूस आईसाठी उपरण्यानं डोळे पुसत बसला होता. आम्ही त्याच्या चुलीत धरलो गेलो तर त्याची जागा वाढणार होती, हे त्या डोळ्यांना चांगलं दिसत होतं. सुतक फिटल्यावर शाळेत या, बघू, असं सांगून कारकून पुढच्या घरी गेला.

सुतक फिटल्यावर गेलो. रजिस्टर लाल फडक्यात बांधलेलं, गाठीवर लाखेचा शिक्का. "आता हात लावता येत नाही. नवं आलं की त्यात बघू." नवं आलं. तोच कारकून, तेच तोंड. "जुन्यात होतं तेच नव्यात आलंय. नव्यात भर घालायचा आम्हाला अधिकार नाही. जुनं चालू होतं तेव्हाच सांगायचं ना." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावर मूठ आपटली, तर शिपायानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. पुढं अर्ज केले, ते कुठं जिरले कुणास ठाऊक. जागा आम्हाला मिळाली नाही.

माळावर चुलत्याचं घर उभं राहिलं, चांगलं ऐसपैस. मायला त्यानं गोठ्याशेजारचा कोपरा दाखवला. माय तिथं निजायला तेवढी जायची. चूल मात्र तिनं बाहेर मांडली, दोन घरांमधल्या रस्त्यावर, सरकारी जागेत.

मग एकदा मोठे साहेब नवं गाव बघायला आले. जीप मायच्या चुलीपाशी येऊन थांबली. तव्यावर भाकरी होती. साहेबांनी विचारलं, "रस्त्यात ही चूल कुणाची?"

चुलता पुढं धावला. "आमचीच साहेब. येकच कुटुंब हाय. बाई जरा हट्टी हाय."

माय तोवर कधी मोठ्या दिरापुढं बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर माझ्या तोंडून सांगायची. आत्ताही ती उठली नाही. भाकरी उलटता उलटता म्हणाली, "ह्या चुलीवरची भाकर तुमी कवा खाल्ली, तेवढं सांगा साहेबास्नी."

चुलता खाली बघत राहिला. कारकून जीपमध्ये मागं बसला होता, तो दुसरीकडं बघायला लागला. साहेबांनी दोघांकडं पाहिलं. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगतो, त्यांना सगळं कळलं. मग त्यांनी विचारलं, "नोंद काय आहे?"

"एकच चूल," कारकून म्हणाला.

"मग ही काढा. गाडी जाऊ द्या."

मायनं तवा उतरवला, जाळ विझवला. दगड तापलेले होते. साहेबांबरोबर आलेला शिपाई हात लावेना, चुलताही लावेना. मी पुढं झालो तर तिनं मला मागं ढकललं. मग पदराचा बोळा करून तिनं ते दगड एकेक करून उचलले आणि गाडीला वाट दिली.