मानाची खुर्ची

मांडव्याच्या धक्क्याजवळ चहा-पाव विकणारा इराणी तापला की थेट चीनच्या बादशहावर घसरायचा. तेराशे वर्षांपूर्वी अरबांनी इराणचं राज्य बुडवलं तेव्हा तिथला शहजादा चीनला आश्रयाला गेला, ही त्याची नेहमीची गोष्ट. "बादशानं त्याला सरदार केला, रेशमी झगा दिला. मुलूख नाय परत दिला! मग आपल्या कबरीबाहेर परदेशी सरदारांच्या रांगेत त्याचा दगडी पुतला उभा केला. बस!" हे सांगताना तो टेबल इतक्या जोरात पुसायचा, की माझ्या बशीतला चहा सांडायचा.

पावसाळ्याआधी आमच्या कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. घरटी एक माणूस दोराला लागतो. इराण्याला मात्र दरवर्षी बसायला खुर्ची आणि हातात शहाळं मिळायचं.

स्वातंत्र्यानंतरच्या एका वर्षी तो बसलाच नाही. खुर्चीवर कोट टाकला आणि दोराला भिडला. म्होरक्या तांडेल गडबडला. "शेट, तुमी पावनं. बसा."

"किती वरस पावना राहू? माझी पोरं इथे जल्मली. बसून बसून मी पन दगड होईल!"

तळहात सोलवटले, पण होडी वर येईपर्यंत त्यानं दोर सोडला नाही.

पुढच्या वर्षी खुर्ची मांडलीच नाही. इराण्याला यायला उशीर झाला, तसा तांडेल त्याच्या दारात गेला आणि आम्हा सगळ्यांना हासडतो तशीच एक शिवी हासडून ओरडला, "अरे, दोर काय तुजा बाप ओढनार?"

चुलीवरचा चहा उतू जात होता. तो तसाच टाकून इराणी हसत धावला.