मामांचा उजवा पाय

माणसाला लाथ मारून वर त्याच्याच घरी मानानं चहा पिणारा इसम अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हा माझ्यावर झालेला उघड अन्याय आहे. मामा पायाळू. म्हणजे जन्माला येताना सगळे डोकं पुढं घालतात, यांनी म्हणे पाय घातले. अशा माणसाचा पाय लागला की भरलेली उसण, लचकलेली कंबर, धरलेली मान जागच्या जागी सुटते, असं आमच्याकडं मानतात. डॉक्टर व्हायला बिचारी पोरं वर्षानुवर्षं घासतात. मामांनी तो हुद्दा जन्मतःच पटकावला, तोही उलटं येऊन!

एसटीत कंडक्टर म्हणून हयात गेली, पण ती नुसती पोटापाण्याची सोय. खरं पद उजव्या पायाचं. त्याचा थाट काय सांगावा! वाटेत डबकं आलं की डावा पाय बिनदिक्कत चिखलात जातो आणि उजवा वरच्या वर उचलून पलीकडं पोचवला जातो. रोज सकाळी खोबरेल उजव्यालाच. लग्नात पंगतीला बसले की उजव्या पायाखाली उशी लागते. नवरदेवाला लोड नसला तरी चालतो. शेजाऱ्याकडून मागून आणलेली वस्तू जपावी तसा हा माणूस स्वतःचाच पाय जपतो. चंदगडच्या गाडीवर असताना त्यांनी म्हणे घाटात गाडी थांबवून एका पावण्याची कंबर सोडवली, आणि तो पावणा पुढं गाडीत न बसता थेट गोव्यापर्यंत पळत गेला. पुण्याच्या एका भाचीला तर त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाय लावला. तिची उसण गेली की नाही ठाऊक नाही, मामांच्या मोबाइलची काच मात्र गेली. पाय लावून झाला की मामा तोंडानंच घंटी मारतात, "टिंग टिंग!" म्हणजे रोगी सुटला, गाडी जाऊ द्या.

गेल्या हिवाळ्यात मला सर्दी झाली. साधी नव्हे, राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडावेत तशी. त्यातच कुठल्याशा नव्या उशीवर झोपलो आणि सकाळी मान धरली. तोंड जे डावीकडं वळलं ते तिथंच राहिलं. शिंक आली की मानेत वीज कडाडायची आणि शिंक जायची डावीकडं. डावीकडं कायम बायको. तिसऱ्या शिंकेनंतर तिनं मला न विचारता कळंब्याला मामांना फोन लावला.

"सर्दीवर पाया, मानेवर पाय!" अशी दारातूनच गर्जना करत मामा आले. बायकोला बकऱ्याच्या पायांचं सूप टाकायला लावलं आणि मला उंबऱ्यावर पालथं पाडलं.

"मामा, मी डॉक्टरकडं जाऊन येतो की," मी म्हणालो.

"डॉक्टर काय उलटा जन्मलाय व्हय? गप पडा."

त्यांनी पाय उचलला. मी शिंकलो. पाय तसाच खाली गेला.

"थांबा. शिंक आली. शिंकंवर काम काढायचं न्हाय."

आता, कामाच्या आरंभी शिंक आली तर घोटभर पाणी पिऊन मग पुढं जावं, ही रीत मलाही ठाऊक आहे. मामा पाण्याच्या जागी चहा घेतात. चहा झाला, पाय वर गेला, मी शिंकलो. पुन्हा चहा. म्हणजे बघा, सर्दी आहे म्हणून शिंक, शिंक आहे म्हणून लाथ नाही, लाथ नाही म्हणून मान नाही! दुपारपर्यंत मामांचे सात चहा झाले आणि मी माझ्याच घरात पायपुसण्यासारखा पडून. शेजारीण मला ओलांडून आत आली, विरजण घेतलं आणि मला ओलांडून परत गेली. वर मामांनी काय म्हणावं?

"जावईबापू, शिंका आवरा की जरा. पाय किती येळ तयारीत ठिऊ?"

म्हणजे गुन्हेगार मीच! "उद्या सांजच्याला येतो. तवर मानंला दुसऱ्या कुणाचा हात लावायचा न्हाय," असा हुकूम सोडून ते गेले.

दुसऱ्या दिवशी माझी खबर घ्यायला बिद्रीहून सासूबाई आल्या. सासूबाई म्हणजे मामांची सख्खी मोठी बहीण. त्यांना बघताच माझा बांध फुटला. "मला त्यांच्या जन्माचा दाखला दाखवा!" मी डावीकडच्या भिंतीला उद्देशून ओरडलो. "कुठल्या आधारावर हा माणूस गावाला लाथा मारत फिरतोय?"

सासूबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "पायाळू त्यो न्हवंच. त्यो सरळच आलाय जल्माला. मी दारातच बसलो हुतो की. पायाळू आमचा थोरला भाऊ."

मी उडालोच, धरलेल्या मानेनं जेवढं उडता येतं तेवढा. सापडला! संध्याकाळी भर उंबऱ्यावर, शेजारणीला साक्षीला घेऊन याचा पंचनामा करतो, असं मी जाहीर केलं.

"आधी ऐका तर," सासूबाई म्हणाल्या. "थोरला ऐन उमेदीत तापानं गेला. आईनं हातरूण धरलं. पाठ आखडली तिची, कुणाला हात लावू देईना. तर ह्यो जवळ गेला नि म्हणला, 'आये, मी बी पायाळूच हाय, तू इसरलीस.' उजवा पाय लावला तिच्या पाठीला. आई उठली, चूल पेटीवली. तवापास्नं घरात कुणी त्याला न्हाय म्हणलं न्हाय."

पदरानं ओटा उगाच पुसत त्या पुढं म्हणाल्या, "थोरल्याचा बी उजवाच हुता."

संध्याकाळी मामा आले. गर्जना नव्हती. "रातभर इचार केला, जावईबापू," ते म्हणाले. "आता बोलिवतंय कोण? समदी मशिनीवर शेकून घेत्यात. तुमची मान जर सुटली न्हाय, तर ह्या पायाला इचारणार कोण?"

मी मुकाट उंबऱ्यावर पालथा झालो. पाय वर गेला आणि मेली शिंक आलीच. मी नाक चिमटीत धरलं, ओठ आवळले आणि शिंक गिळली. आत सुतळी बॉम्ब फुटला. कानातून वाफ निघाली असेल. मानेत कट्टदिशी वाजलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझं नाक सरळ समोर आलं. मामांचा पाय अजून हवेतच होता.

मग तो लागला. लाथ कसली! निजलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेतानं पांघरूण सारखं करावं, तसा लागला.

"टिंग टिंग," मामा हळूच म्हणाले. "सुटली का वो?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मान सुटल्यामुळं त्यांच्याकडं बघणं भाग पडलं. मी मान डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली.

"सुटली, मामा. काय पाय आहे तुमचा!"

"मग!" मामा कडाडले. "च्या टाका!"

चहा पिऊन ते निघाले. दारासमोर कुणीतरी स्कूटर धुतली होती, पाणी साचलं होतं. मामांचा डावा पाय बिनदिक्कत त्या पाण्यात गेला. उजवा त्यांनी अलगद वर उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि कोरड्या जागेवर ठेवला. मी मान वळवून ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो. दुसऱ्याचा पाय सांभाळायचा म्हणजे तो असाच सांभाळावा लागत असणार.