इंजिनाच्या खोक्यावरची बैठक

बाबांचे गुडघे गेले तेव्हा मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. त्याआधी ते धरणात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकायचे. आमच्याकडचे बहुतेक भोई असंच करतात. थर्माकोलच्या जाड पाट्या गोणपाटात शिवायच्या, वर उकिडवं बसायचं आणि हातातल्या फळकुटानं पाणी मारत जायचं. डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसणं बंद. मांडी घालणंही बंद. बाबा घरी येऊन म्हणाले, "म्हणजे मासोळी बंद, असं सरळ सांगा ना."

तेवढ्यात धरणावर पर्यटकांना फिरवणाऱ्या एका ठेकेदारानं धंदा गुंडाळला. त्याची जुनी फायबरची बोट बाबांनी आणि माझ्या चुलतकाकांनी भागीत घेतली. त्या बोटीत इंजिन आत होतं, अगदी मागच्या टोकाला, एका मोठ्या झाकणाच्या खोक्याखाली. इंजिनाचा पाय मागच्या फळीतून आरपार बाहेर जायचा आणि त्याच्या खालच्या टोकाला पंखा. मला तेव्हा त्या पंख्याचं कौतुक होतं. बाबांना खोक्याचं होतं. खोकं बरोबर खुर्चीएवढं उंच. त्यावर पाय सरळ सोडून, मागे तोंड करून बसायचं आणि जाळं सोडत जायचं. काका हँडल धरायचे आणि काठावरचे लोक ओरडायचे, "पाह्य रे, सायेब खुर्चीवर बसून मासोळ्या धरून राह्यले!"

बाबा तिथूनच हात वर करायचे.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि बोटीचा पाय एका बुडालेल्या बाभळीच्या खोडाला लागला. धरण होण्याआधी तिथं शेतं होती. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळी अजून पाण्याखाली उभ्या आहेत. पाय वर उचलायची सोय आधीच गंजून बसली होती. त्यात फळीजवळचं रबरी वेष्टण फाटलं आणि पाणी आत यायला लागलं. मग बाबा एका हातानं जाळं सोडायचे आणि दर थोड्या वेळानं खोक्यावरून उतरून, वाकून, डब्यानं पाणी उपसायचे. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना उंबरा ओलांडायला दाराची चौकट धरावी लागायची.

माय म्हणाली, "इका ते धूड. मोर्शीच्या गोदामावर चौकीदाराची जागा हाय. तिथंबी खुर्चीच हाय."

बाबा उपसायचा डबा घेऊन पुन्हा बोटीकडे गेले. मला एवढं कळत होतं. बोट गेली की ते पुन्हा पाण्यावर जाणार नव्हते.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला आले होते. शाखा मेकॅनिकल. गावात सगळ्यांची समजूत होती की मला इंजिनातलं सगळं कळतं. खरं सांगायचं तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक मधोमध कापलेलं इंजिन होतं, लाल-पिवळ्या रंगानं रंगवलेलं, आणि त्याची आकृती मी उत्तम काढायची. चालू इंजिनाला मी हात लावलेला नव्हता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला काय येत नाही हे कुणाला विचारावं तेही कळत नव्हतं. राजापेठेतल्या खोलीवर, खाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांचे हॉर्न चालू असताना, मी कानात इअरफोन घालून बोटींचे व्हिडिओ पाहत बसायची. त्यात लोक आतलं इंजिन काढून टाकायचे, मागचं भोक बुजवायचे आणि फळीच्या बाहेर टांगायचं इंजिन लावायचे. खोड लागलं की असं इंजिन वर तिरपं करता येतं. फळीत भोक नाही, म्हणजे तिथून पाणी नाही.

दसऱ्याला घरी आले तेव्हा मी हे बाबांना सांगितलं. सांगताना मी तीनदा "मला वाटतं" म्हणाले.

"तुले वाटते का तुले माईत हाय?" काकांनी विचारलं.

"मला वाटतं," मी म्हणाले.

काका हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "लावू."

माप घ्यायचं काम माझ्याकडे आलं. नव्या इंजिनाचा पंखा पाण्यात किती खोल राहील हे मागच्या फळीच्या उंचीवर ठरतं. म्हणून मी बोट पाण्यात असताना, बाबा खोक्यावर, काका हँडलवर आणि जाळं आत असं रोजच्यासारखं सगळं ठेवून, पाणी कुठवर येतं तिथं फळीवर बाहेरून, एका कडेला खूण केली. खडू पाण्यात टिकेना, म्हणून माझी लाल नेलपॉलिश वापरली. फळी फडक्यानं पुसत पुसत बोटभर लांब रेघ काढली. त्या रेघेवरून नव्या फळीची उंची काढली आणि वहीत आकृतीसह लिहून ठेवली. मला त्या आकृतीचा अभिमान वाटला होता, हे कबूल केलं पाहिजे.

इंजिन अकोल्याला मिळालं. तिथं पाण्याचे पंप आणि जनरेटर दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. पुराच्या वेळी वापरून झालेलं एक जुनं बाहेरचं इंजिन त्यांनी स्वतः उघडून, साफ करून ठेवलं होतं. त्यांनी ते ड्रममधल्या पाण्यात सुरू करून दाखवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "बेटी, हे लंब्या पायाचं हाय. फळी उंच लागंल. माप आणलं?"

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा वर करून आकृती पाहिली. "वा! चित्र लय साफ हाय." फक्त चित्राबद्दल बोलले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

इंजिनातलं पेट्रोल पूर्ण काढलं आणि इंजिन गोधडीत बांधून आम्ही एसटीनं आणलं. मी आणि बाबांनी ते मागच्या सीटखाली सरकवलं. पाय बाहेर राहत होता. कंडक्टर आला आणि बाबांपाशी थांबला.

"काका, हे कोण हाय?"

"इंजिन हाय."

"पाय तं माणसाचा दिसून राह्यला."

"माणूस असता तं त्याचं तिकीट काढलं असतं," बाबा म्हणाले.

"याचंबी काढा लागते," कंडक्टर म्हणाला आणि लगेजचं तिकीट फाडलं. मूर्तिजापूरपर्यंत तो येता-जाता गोधडी जरा उचलून पाहत होता. एका आजीबाईंनी मला हळूच विचारलं, "दवाखान्यातून आणलं काय वं?"

दिवाळीच्या सुटीत मिस्त्री चाचा आले आणि चार दिवस आमच्याकडे राहिले. बोट काठावर ओढून घेतली होती. पहिल्या दिवशी आठ माणसांनी खांद्यावरच्या लाकडी बासावर दोर टाकून जुनं इंजिन उचललं. ते बाहेर आलं तेव्हा मला त्याचं वजन पहिल्यांदा कळलं. दोघांचे खांदे सोलले. मग चाचांनी भोक बुजवलं. आतून-बाहेरून प्लायवूड, त्यावर फायबरचं कापड आणि रसायनाचे थर. फळी माझ्या वहीतल्या मापाएवढी वाढवली. मी घासकागदानं कडा घासत होते. कारखान्यातल्या कामगारासारखी दिसत असेन, कारण शेजारच्या बाया उभ्या राहून पाहायच्या. एक म्हणाली, "पोट्टीले कॉलेजात हेच शिकवतेत काय?" माय म्हणाली, "नाई तं काय, रांगोळी शिकवतीन?"

इंजिनावरचं खोकं आता कशालाच झाकत नव्हतं. ते मायनं घरी नेलं आणि त्यात कोंबड्या कोंडायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी बाबा बोटीत चढले. मागे गेले. आणि उभे राहिले. त्यांनी सवयीनं मागे हात नेला, खोकं चाचपू पाहिलं, हाताला काही लागलं नाही. मग बोटीची कड धरून तसेच उभे. मी घासकागद हातात घेऊन खाली उभी होते. एवढी सगळी मापं घेतली होती आणि बाबा कुठं बसतील हे कुठंच लिहिलं नव्हतं.

"मी तिथं बसायला फळी टाकून देते, बाबा," मी म्हणाले.

"टाकजो," ते म्हणाले. "घाई नाई."

पण मला माहीत होतं, फळी म्हणजे घसरणारी फळी. ते जाळं सोडताना मागे जोर देतात.

आमच्याकडे रीत आहे. नाव दुरुस्त होऊन पाण्यात उतरली की पहिल्या फेरीला तिच्यात जाळं न्यायचं नाही, टोपली न्यायची नाही, मासोळीच्या कामाचं काहीच न्यायचं नाही. नारळ घेऊन जायचं, पाण्याला द्यायचं, परत यायचं. बाबा म्हणतात, पाहुण्याकडे पहिल्याच दिवशी थैली घेऊन जात नाहीत. चाचांना अकोल्याची गाडी पकडायची होती, ते सकाळीच इंजिन बसवून, घट्ट आवळून निघून गेले. आम्ही रिकामी बोट पाण्यात ढकलली. काका हँडलवर, बाबा पुढच्या आडव्या पट्टीवर, कारण मागे बसायला काहीच नव्हतं. मी मध्ये, नारळ मांडीवर.

इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वेग दिला आणि इंजिन किंचाळलं. पिठाच्या गिरणीत दाणे संपल्यावर जातं ओरडतं ना, तसं. बोट पुढे जाईना, मागे नुसता पांढरा फेस. काकांनी वेग कमी केला की गुरगुर, वाढवला की किंकाळी.

"इंजिनेर बाई," काका म्हणाले, "हे पाणी कापून राह्यलं का हवा?"

मी मागे वाकून पाहिलं. माझी लाल रेघ पाण्याच्या चार बोटं वर होती, कोरडी, चमकत. पंखा जवळपास पाण्याच्या पृष्ठभागाशी फिरत होता.

तेव्हा कळलं. मी माप घेतलं तेव्हा ते आठ माणसांचं इंजिन बोटीतच होतं. वर बाबा बसलेले होते, जाळं होतं. त्या सगळ्या वजनानं बोटीचं बूड खाली दबलेलं होतं. मी वजन काढून घेतलं आणि रेघ तीच धरली. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला धडा होता हा. मला त्यात चांगले गुण होते.

आम्ही वल्ह्यानं परत आलो. नारळ मात्र बाबांनी मध्येच पाण्यात सोडला, काही झालंच नाही अशा शांतपणे. काठावर माय उभी होती. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. मी बाबांना म्हणाले, "फळी पुन्हा कापून खाली घ्यावी लागेल. चाचांना बोलवावं लागेल. माझी सुटी परवा संपते. माझं चुकलं, बाबा. मी माप चुकीच्या वेळी घेतलं."

बाबा फळीपाशी गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी लाल रेघेवर बोट फिरवलं.

"हे तू कायच्यासाठी काढली होती?"

"पाणी इथवर आलं पाहिजे म्हणून."

"मंग पाणी आण ना तिथवर. फळी काहून कापतं?" ते मागे वळले. "ए, या रे दोघंतिघं. मागं बसा. जाडे जाडे या."

काका आणि आणखी दोन जण हसत बोटीत चढले, मागच्या टोकाला दाटीवाटीनं बसले. बोटीचं बूड खाली आलं. रेघ पाण्यात भिजली. काकांनी बसल्या जागेवरून दोरी ओढली. वेग दिला. यावेळी किंकाळी नाही, जाड, भरलेला आवाज आला आणि काठाला बांधलेला दोर बोटीनं ताणून धरला.

"रिकामं गाडं खडखडतेच," बाबा म्हणाले. "आता यायले रोज नेता येत नाई. खातेत जास्त."

म्हणजे मागे वजन हवं होतं, कायमचं. मी रेतीच्या गोण्यांचा हिशेब डोक्यात सुरू केला. गोण्या ओल्या होतील, फाटतील, त्यांच्यात जागा जाईल. आणि मग माझ्या डोळ्यांपुढे बाबांचा तो मागे जाणारा हात आला.

"बाबा, बरफ आपण कशात नेतो?"

"टोपलीत. गोणपाट टाकून. अर्धा वितळते."

मी मायकडे पाहिलं. मी सांगायच्या आधीच मायला समजलं. "माह्या कोंबड्या कुठं जातीन?" ती म्हणाली.

खोकं परत आलं. ते धुवायला मला आणि मायला सकाळभर लागलं. आतून लावायला थर्माकोल हवं होतं. बाबा घरामागे गेले आणि आपला जुना तराफा घेऊन आले. मी नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. विळ्यानं गोणपाटाची शिवण स्वतःच उसवली. पाट्या कापून आम्ही खोक्याच्या चारही बाजूंना आणि तळाला बसवल्या, वर प्लास्टिक. खोकं मागे, जुन्या इंजिनाच्या जागेवर, बोल्टनं पक्कं केलं. आत बर्फ आणि मासोळी, वर झाकण, झाकणावर बाबा. यावेळी मी माप घेतलं नाही, आधी सगळं ठेवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर ते जाळं घेऊन निघाले. मीही गेले. बाभळीच्या पट्ट्यात आल्यावर काकांनी इंजिन बंद करून वर तिरपं केलं, पंखा पाण्याबाहेर आला, टपटप पाणी गळत. काका फळकुटानं हळूहळू बोट पुढे नेत होते. बाबा खोक्यावर, मागे आता इंजिन असल्यानं जरा कडेला वळून, पाय सरळ सोडून, डाव्या बाजूनं जाळं सोडत होते. मागच्या बाजूनं सोडायची सवय असल्यानं एकदोनदा हात तिकडे गेला. मग वळला.

मी डबा हातात घेऊन बसले होते, उपसायला. बोटीच्या तळाला हात लावून पाहिला. कोरडा.

"ठेव तो डबा," बाबा म्हणाले. "त्यात तुह्या मायच्या कोंबड्यायले पाणी ठेवजो. आधीच तिचं घर घेतलं आपण."

काठावर कुणीतरी ओरडलं, "सायेब, खुर्ची परत आली का?" बाबांनी एका हातात जाळं धरून दुसरा हात वर केला. मी मागे वाकून पाहिलं. लाल रेघ दिसत नव्हती. पाण्यात होती.